अपग्रेडनंतर विंडोज ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणतंय? नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर, फॉरमॅट मारल्यावर किंवा मशीनचा एखादा भाग बदलल्यावर लायसन्सची तक्रार येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून, कॉलेज रोडच्या क्लासेसमधून, लासलगाव-पिंपळगावच्या आडतीवरून आणि घरोघरच्या लॅपटॉपवरून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

वाचण्याआधी दोन गोष्टी. एरर कोड स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत दिसतात, इथे ते देवनागरीत आहेत आणि प्रत्येकाच्या सुरुवातीचे ‘शून्य-एक्स’ गाळले आहे. म्हणजे इथला सी००४एफ२१३ वाचताना सी, शून्य, शून्य, चार, एफ, दोन, एक, तीन असा वाचायचा. कमांडही इथे देवनागरीत आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

१. अपग्रेड झालं आणि खाली उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं पुसट दिसतंय. माझं लायसन्स गेलं का? मशीन बंद पडेल का?

बहुतेक वेळा लायसन्स गेलेले नसते. मशीनला ते ओळखता आलेले नसते, एवढेच. मशीन बंद पडत नाही. फाइल उघडतात, टॅली चालते, प्रिंटर चालतो, सुरक्षा अपडेटही येत राहतात. अडते ते वॉलपेपर, रंग, लॉक स्क्रीन अशा सजावटीच्या सेटिंगपाशी. म्हणून मार्चअखेरच्या गडबडीत हा मजकूर दिसला तर आधी काम उरका, मग निवांत बसून बघा. घाईत फॉरमॅट मारणे ही यातली सर्वांत महाग चूक. लायसन्सचा घोळ फॉरमॅटने क्वचितच सुटतो, आणि डेटा मात्र जातो.

२. माझ्याकडे नेमकं कोणतं लायसन्स आहे, हे कसं कळेल?

पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया हाच आहे, म्हणून इथे पाच मिनिटे घालवा. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकोनात एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरे, मग एक स्पेस, मग पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी-एल-आय असे टाइप करून एंटर करा. चार-पाच सेकंदांत एक छोटी खिडकी येते. तिच्यातल्या तीन ओळी पाहायच्या: नाव, वर्णन आणि की (लायसन्सचा २५ अक्षरी क्रमांक) ची शेवटची पाच अक्षरे.

नावात एडिशन असते: होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एंटरप्राइज. सिंगल लँग्वेज कधीकधी ‘कोअर सिंगल लँग्वेज’ अशा नावाने दिसते.

वर्णनात ‘चॅनेल’ लिहिलेला असतो, म्हणजे लायसन्स कोणत्या वाटेने आले ते. ओईएम-डीएम असेल तर लॅपटॉपच्या कंपनीने मदरबोर्डच्या चिपमध्येच की लिहून दिलेली आहे. विंडोज ८ पासूनच्या जवळपास सगळ्या ब्रँडेड लॅपटॉपवर असेच असते. रिटेल असेल तर की वेगळी विकत घेतलेली आहे किंवा डिजिटल लायसन्स आहे. व्हॉल्यूम-एमएके आणि व्हॉल्यूम-केएमएसक्लायंट हे संस्थांचे प्रकार: एमएके म्हणजे अनेक मशीनना चालणारी एकच की, केएमएस म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणारे ॲक्टिव्हेशन. घरच्या मशीनवर केएमएस दिसला तर थेट प्रश्न १२ कडे या.

शेवटच्या पाच अक्षरांवरून बरेच कळते. प्रो एडिशनवर ३व्ही६६टी किंवा होमवर ८एचव्हीएक्स७ दिसले तर ‘माझी की कुणी बदलली’ म्हणून घाबरू नका. डिजिटल लायसन्सवर चालणाऱ्या जगभरच्या मशीनवर हीच सामायिक की दिसते, खरा हक्क मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेला असतो. प्रोवर टी८३जीएक्स दिसले तर ती केएमएसची की आहे.

याच कमांडमध्ये डी-एल-आयऐवजी एक्स-पी-आर टाकले की ॲक्टिव्हेशन कायमचे आहे की अमुक तारखेपर्यंतचे, ते कळते.

३. काहीही करण्याआधी पटकन काय तपासावं?

तारीख, वेळ आणि टाइम झोन. झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हाच हवा. घड्याळात वेळ बरोबर दिसत असेल पण झोन अमेरिकेचा असेल, तरी सर्व्हर नकार देऊ शकतो.

मग इंटरनेट. ऑफिसच्या वायफायवर फायरवॉल किंवा प्रॉक्सी असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा. हॉटस्पॉटवर काम झाले, तर दोष लायसन्सचा नसून ऑफिसच्या नेटवर्कचा.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात ॲक्टिव्हेशन. विंडोज १० वर हेच पान ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ खाली असते. ॲडमिन खात्याने लॉगिन करून ‘ट्रबलशूट’ दाबा. ते बटण दिसतच नसेल तर बहुधा तुम्ही ॲडमिन नाही आहात, किंवा मशीन आधीच ॲक्टिव्ह आहे.

एवढे करूनही अडले तर तिथे दिसणाऱ्या कोडचा, अख्खी स्क्रीन येईल असा फोटो काढा. ‘सी-झिरो-झिरो-काहीतरी’ एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही.

४. कोड दिसतोय. त्याचा अर्थ काय?

जे खरोखर सारखे येतात, तेवढेच घेतो.

सी००४एफ२११ म्हणजे हार्डवेअर बदलल्याचे विंडोजला वाटते आहे. सी००४एफ२१३ म्हणजे या मशीनवर कीच सापडत नाही, आणि तो मदरबोर्ड बदलल्यावर हमखास येतो. दोन्हींसाठी प्रश्न ८.

सी००४एफ२१२ म्हणजे लायसन्स एका एडिशनचे आणि टाकलेली विंडोज दुसऱ्या एडिशनची. प्रश्न ६ आणि ७. सी००४एफ२१० आणि सी००४ई०१६ हे त्याचेच भाऊ: टाकलेली की वेगळ्या एडिशनची किंवा आवृत्तीची आहे.

८०३एफ७००१ म्हणजे या उपकरणासाठी वैध लायसन्स सापडले नाही. हा कोड फार मोघम आहे. एडिशन आणि हार्डवेअर, दोन्ही बाजूंनी तपासावे लागते.

८००७२एफ८एफ म्हणजे तारीख-वेळ चुकलेली किंवा सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. प्रश्न ५. सी००४एफसी०३ म्हणजे नेट नाही किंवा फायरवॉल आडवी येते आहे.

सी००४सी००३ म्हणजे सर्व्हरने ती की बाद ठरवली. सी००४सी००८ म्हणजे की दुसऱ्या मशीनवर वापरून झाली आहे, किंवा परवानगीपेक्षा जास्त मशीनवर. सी००४सी०२० म्हणजे संस्थेच्या एमएके की ची मर्यादा संपली. बाजारातून स्वस्तात घेतलेल्या की वर हे तिन्ही दिसतात, प्रश्न १३.

सी००४एफ०७४ आणि ८००७२३२बी म्हणजे मशीन संस्थेच्या केएमएस सर्व्हरला शोधते आहे आणि तो सापडत नाही. ऑफिसचे मशीन असेल तर प्रश्न १५, घरचे असेल तर प्रश्न १२.

५. लाइट गेली की मशीनची तारीख मागे जाते आणि ॲक्टिव्हेशन उडतं. हे लायसन्सचं आहे का?

नाही, हे मदरबोर्डवरच्या बटन सेलचे आहे. पावसाळ्यात लाइट वरचेवर जाते आणि जुन्या डेस्कटॉपवर हा त्रास नेमका तेव्हाच उघडा पडतो. सेल मेला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते, सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रे त्या तारखेला जुळत नाहीत आणि ८००७२एफ८एफ येतो. अशा वेळी बँकेच्या वेबसाइटही ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणतात. ही ओळखायची पक्की खूण.

सेलवर सीआर २०३२ असे कोरलेले असते: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. ३ च्या आसपास दाखवले तर ठीक, २.७ च्या खाली गेले तर बदला. मशीन बंद करून पॉवर कॉर्ड काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मग बाजूची पत्र्याची क्लिप नखाने मागे ढकला. सेल आपोआप वर उचलला जातो. नवा बसवताना अधिकचे चिन्ह वर. त्यानंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तारीख लावा आणि विंडोजमध्ये वेळ ‘सिंक’ करा.

एक सावधगिरी कुणी सांगत नाही. सेल काढल्यावर बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, आणि डिस्क बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीने) बंद असेल तर मशीन सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाला न कळत चालू असते. की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कागदावर उतरवल्याशिवाय सेलला हात लावू नका. लॅपटॉपमधला सेल वायरने जोडलेला असतो, तो कारागिराकडूनच बदलून घ्या.

६. लॅपटॉप घेतानाच विंडोज होम होती. पुन्हा टाकतानाही होमच टाकली. तरी सी००४एफ२१२ का?

कारण तुमची ‘होम’ बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ होती. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर हीच एडिशन मोठ्या प्रमाणावर येते, आणि बोलताना सगळे तिला होमच म्हणतात. विंडोजच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या एडिशन आहेत. होम सिंगल लँग्वेजचे लायसन्स साध्या होमला लागत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवा. तो किमान ८ जीबीचा हवा, आणि त्यावरचे सगळे पुसले जाते. इन्स्टॉल करताना एडिशनची यादी आली तर ‘होम सिंगल लँग्वेज’ निवडा. चिपमध्ये की असेल तर बहुतेक वेळा यादी येतच नाही, मशीन स्वतःच योग्य एडिशन उचलते. यादी कुणी हाताने आणवलेली असेल किंवा दुकानातला ‘तयार’ पेनड्राइव्ह वापरला असेल, तर चूक तिथेच झालेली असते.

७. प्रो विकत घेऊन टाकली होती. फॉरमॅट मारल्यावर होमच आली. पैसे बुडाले का?

बुडाले नाहीत. इन्स्टॉल होताना विंडोज सर्वप्रथम मदरबोर्डच्या चिपमधली की वाचते, आणि तिथे कंपनीने लिहिलेली होमची की असते. प्रो तुम्ही नंतर घेतली, तिची नोंद चिपमध्ये नसून सर्व्हरवर आहे.

प्रोची की हाताशी असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’ मध्ये तिची २५ अक्षरे टाका. होमची प्रो होते, डेटा जागेवर राहतो. प्रो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतली असेल तर त्याच खात्याने लॉगिन करून ट्रबलशूट चालवा.

उलट दिशेला, म्हणजे प्रोवरून होमवर, असे साधे उतरता येत नाही. तिथे बॅकअप घेऊन नव्यानेच टाकावी लागते.

८. मदरबोर्ड बदलला आणि लायसन्स गेलं. आता?

डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डला बांधलेले असते, त्यामुळे विंडोजच्या नजरेत हे नवेच मशीन आहे. उपाय लायसन्सच्या चॅनेलवर ठरतो.

रिटेल असेल, आणि बदलाआधी ते मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले असेल, तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट, मग ‘मी अलीकडे या उपकरणाचे हार्डवेअर बदलले’ हा पर्याय. खात्याने लॉगिन केल्यावर तुमच्या जुन्या मशीनची यादी येते. तिच्यातून आपले निवडायचे, ‘हेच उपकरण मी आत्ता वापरतो आहे’ यावर खूण करायची आणि ॲक्टिव्हेट दाबायचे. यादीत ‘डेस्कटॉप’पुढे सात अगम्य अक्षरे अशी चार-पाच नावे दिसली की माणूस गोंधळतो. म्हणून मशीनला आधीच ओळखू येईल असे नाव देऊन ठेवा.

ओईएम असेल तर लायसन्स जुन्या बोर्डाबरोबरच संपते. अपवाद एक: बोर्ड बिघडला म्हणून कंपनीने तसाच दुसरा बसवला तर हक्क टिकतो. पण नव्या बोर्डाच्या चिपमध्ये की लिहिण्याचे काम सर्व्हिस सेंटरचे असते आणि ते कधीकधी राहून जाते. लॅपटॉप ताब्यात घेताना तिथेच उभे राहून ॲक्टिव्हेशनचे पान उघडून पाहा. घरी आल्यावर सी००४एफ२१३ दिसला तर जॉबशीट घेऊन परत जा आणि ‘बोर्डात विंडोजची की टाकलेली नाही’ असे नेमके सांगा. ‘विंडोज चालत नाही’ म्हणालात तर फॉरमॅट मारून परत देतील.

खात्याशी आधी जोडलेले नव्हते? मग बदलानंतर जोडून उपयोग नाही. बिल आणि की असेल तर मायक्रोसॉफ्टच्या मदत विभागाकडे जावे लागते.

९. फक्त एसएसडी टाकली, रॅम वाढवली. यानेही लायसन्स जातं का?

सहसा नाही. डिस्क नवी असली तरी बोर्ड तोच असतो. नव्या एसएसडीवर तीच एडिशन टाका, इन्स्टॉल होताना की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, नेटला जोडा. काही मिनिटांत आपोआप ॲक्टिव्ह होते. नाहीच झाली तर एडिशन चुकली आहे, प्रश्न ६.

१०. विंडोज ७ च्या स्टिकरवरची की आधी विंडोज १० ला चालायची. आता का चालत नाही?

मोफत अपग्रेडची अधिकृत मुदत २९ जुलै २०१६ लाच संपली होती. त्यानंतरही ती वाट बरीच वर्षे उघडी राहिली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बंद केल्याचे जाहीर केले. आता ७ किंवा ८ ची की नव्या इन्स्टॉलेशनवर चालत नाही.

मात्र ज्या मशीनने ती वाट उघडी असताना एकदा विंडोज १० ॲक्टिव्ह केली होती, तिच्या बोर्डाच्या नावाने डिजिटल लायसन्स नोंदलेले आहे आणि ते आजही चालते. तिथे जुनी की टाकूच नका, प्रश्न ९ प्रमाणे की न टाकता पुढे जा.

११. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून ॲक्टिव्हेशन होत नसेल का?

दोन्हींचा संबंध नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली. ॲक्टिव्हेशन चालूच आहे. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. ती वेगळी नोंदणी आहे, विंडोजचे लायसन्स नव्हे.

१० वरून ११ वर जाणे मोफत आहे आणि एडिशन तीच राहते: होमची होम, प्रोची प्रो. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नसलेल्या मशीनवर कुणी आडवाटेने ११ टाकून दिली असेल तर पुढची अपडेट मिळतील याची हमी नाही. पण ॲक्टिव्हेशन अडले असेल तर कारण दुसरेच आहे.

१२. दुकानातून मशीन ‘ॲक्टिव्हेट करून’ मिळालं होतं. अपग्रेडनंतर उडालं. पुन्हा तेच सॉफ्टवेअर चालवू का?

नको. ‘ॲक्टिव्हेटर’ नावाने जे चालवतात ते मशीनमध्येच खोटा केएमएस सर्व्हर उभा करते किंवा बाहेरच्या अनोळखी सर्व्हरकडे बोट दाखवते. केएमएस ॲक्टिव्हेशन मुळातच १८० दिवसांचे असते, म्हणून ही साधने टास्क शेड्यूलरमध्ये स्वतःला पेरून परत परत चालतात. मोठ्या अपग्रेडमध्ये ती पेरणी मोडते आणि सी००४एफ०७४ उघडा पडतो.

त्याहून वाईट म्हणजे, ती टाकताना डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटिव्हायरस, बंद करायला लावतात आणि एखादे फोल्डर ‘एक्स्क्लूजन’मध्ये घालून ठेवतात. त्या फोल्डरात पुढे काय येऊन बसले ते डिफेंडर बघतच नाही. ज्या मशीनवर तुम्ही जीएसटी भरता, नेटबँकिंग करता, डिजिटल सहीचा डोंगल लावता, तिथे ही खिडकी कायम उघडी राहते.

सफाई अशी करा. आधी डेटाचा बॅकअप. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रश्न २ मधलीच कमांड, तिरक्या रेघेपुढे सी-के-एम-एस टाकून चालवा, त्याने नोंदवलेला केएमएस सर्व्हर पुसला जातो. पुन्हा तीच कमांड यू-पी-के टाकून चालवा, त्याने की निघते. विंडोज सिक्युरिटीमधील एक्स्क्लूजनची यादी रिकामी करा आणि ऑफलाइन स्कॅन चालवा. मनापासून विचाराल तर अशा मशीनवर सगळे पुसून नव्याने विंडोज टाकणेच बरे.

आणि यात एक गंमत आहे. कितीतरी लॅपटॉपवर चिपमध्ये होम सिंगल लँग्वेजचे अस्सल लायसन्स पडून असते, आणि ‘प्रो भारी’ म्हणून त्यावर चोरीची प्रो चढवलेली असते. अशा मशीनवर सिंगल लँग्वेज नव्याने टाकली की नेट लागताच ती ॲक्टिव्ह होते. एक रुपयाही लागत नाही, कारण लॅपटॉप घेतानाच ते पैसे मोजलेले असतात.

धंद्यासाठी चालणाऱ्या मशीनचा आणखी एक धोका कायद्याचा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार, माहीत असून चोरीचे सॉफ्टवेअर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

१३. ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत प्रोची की मिळते. बिलही देतात. घ्यावी का?

घेऊ नका. या की बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून किंवा भंगारात गेलेल्या मशीनमधून काढलेल्या असतात. पहिल्या दिवशी ॲक्टिव्ह होतात म्हणून माणूस खूश, आणि काही महिन्यांनी मूळ संस्थेची की बंद झाली की सी००४सी००३. ओळखायचे कसे? प्रश्न २ ची कमांड चालवा. ‘रिटेल’ म्हणून विकलेल्या की चा चॅनेल व्हॉल्यूम-एमएके दिसला तर विक्रेत्याने फसवले आहे, लगेच परतावा मागा. विक्रेता ‘फोनवरून ॲक्टिव्हेट करून देतो, एनीडेस्क (दुरून मशीन चालवण्याचे ॲप) उघडा’ म्हणाला तर मशीन त्याच्या हाती मुळीच देऊ नका.

१४. कंपनीचे जुने लॅपटॉप घेतले. आधी एंटरप्राइज होती, आता ॲक्टिव्हेट होत नाही.

एंटरप्राइजचे लायसन्स त्या कंपनीचे होते, ते लॅपटॉपबरोबर विकले जात नाही. पण व्यवसायासाठी बनलेल्या लॅपटॉपच्या चिपमध्ये बऱ्याचदा प्रोची ओईएम की असते. प्रो नव्याने टाकून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. घेण्याआधीच दुकानदाराला हे करून दाखवायला सांगा. इन्स्टॉल होताना ‘हे उपकरण अमुक संस्थेचे आहे’ असे म्हणत त्यांचे लॉगिन मागितले, तर ते मशीन संस्थेच्या नोंदीतून अजून काढलेले नाही. त्यावर तुमच्याकडे कोणताच इलाज नाही, परत करा.

१५. ऑफिसच्या लॅपटॉपवर ‘लायसन्सची मुदत लवकरच संपणार’ असं येतंय. घरून काम करतो.

ऑफिस केएमएस वापरत असेल तर हे अपेक्षितच आहे. मशीन दर सात दिवसांनी ऑफिसच्या सर्व्हरकडून मुदत वाढवून घ्यायचा प्रयत्न करते. १८० दिवसांत एकदाही भेट झाली नाही तर ॲक्टिव्हेशन उतरते. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडा आणि ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रश्न २ ची कमांड ए-टी-ओ टाकून चालवा. स्वतःची वेगळी की टाकू नका, आयटी विभागाचे काम वाढते.

आयटी सांभाळणाऱ्यांसाठी: टीसीपी पोर्ट १६८८ व्हीपीएनमधून उघडा हवा. सर्व्हर आणि मशीनच्या वेळेत चार तासांहून जास्त फरक नको. आणि केएमएस सर्व्हर किमान २५ विंडोज मशीननी विचारणा केल्याशिवाय ॲक्टिव्हेट करायला सुरुवातच करत नाही. वीस मशीनची लॅब असलेल्या संस्था इथेच अडकतात. त्यांना एमएके हा मार्ग.

१६. विंडोज ॲक्टिव्ह आहे, पण वर्ड-एक्सेल ॲक्टिव्हेशन मागतंय.

ते वेगळे लायसन्स आहे. लॅपटॉपबरोबर आलेले ऑफिस ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर पहिल्यांदा चालू केले, त्याच खात्याने लॉगिन करावे लागते. दुकानदाराने स्वतःचा ईमेल टाकून चालू करून दिले असेल तर अडचण तीच आहे.

१७. स्क्रीन मराठीत करायला गेलो तर ‘तुमचे लायसन्स एकाच डिस्प्ले भाषेला परवानगी देते’ असं आलं. लायसन्स खोटं आहे का?

खरे आहे. सिंगल लँग्वेज एडिशनचा अर्थच तो: मेनू-सेटिंगची भाषा एकच. मराठी टाइप करायला मात्र कसलीही आडकाठी नाही. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ मधून मराठी भाषा जोडा, कीबोर्ड घ्या आणि विंडोज बटण व स्पेस दाबून अदलाबदल करा.

१८. सगळं बरोबर आहे, तरी काल चालू असलेली प्रो आज ॲक्टिव्ह नाही म्हणते. दोष त्यांच्याकडचा असू शकतो का?

असू शकतो, आणि तसे झालेही आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये विंडोज १० प्रोच्या असंख्य अस्सल मशीन अचानक ‘तुमच्याकडे होमचे लायसन्स आहे’ म्हणू लागल्या होत्या. बिघाड सर्व्हरवर होता, तो दुरुस्त झाल्यावर मशीन पूर्ववत झाल्या. ज्यांनी तेवढ्यात फॉरमॅट मारला, त्यांचे कष्ट फुकट गेले. म्हणून अचानक उडालेल्या ॲक्टिव्हेशनला एक-दोन दिवस द्या, मधूनमधून ट्रबलशूट दाबा. सी००४सी०१२ हा कोड तर ‘सर्व्हर तात्पुरता उपलब्ध नाही’ असेच सांगतो.

अपग्रेडच नको वाटत असेल तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ मधून मागे जाता येते, लायसन्सला धक्का लागत नाही.

१९. जुना डेस्कटॉप काढतोय. त्यावरची विंडोज नव्या मशीनवर नेता येईल का?

चॅनेल ओईएम असेल तर नाही. वेगळी विकत घेतलेली रिटेल की असेल तर हो, पण एका वेळी एकाच मशीनवर. जुन्या मशीनवर यू-पी-के ची कमांड चालवून की काढा, मग नव्यावर टाका. सर्व्हरवरची जुनी नोंद लगेच पुसली जाईलच असे नाही, त्यामुळे सी००४सी००८ आला तर मदत विभागाशी बोलावे लागते. बिल सांभाळून ठेवले असेल तर तिथे काम लवकर होते. विंडोज ७ किंवा ८ वरून मोफत अपग्रेडमध्ये मिळालेले लायसन्स असेल तर ते त्याच बोर्डापुरते असते, नव्यावर जात नाही.

२०. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं लायसन्स संपलंय’ असा फोन आला.

मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. स्क्रीनवर नंबर दाखवून ‘लगेच फोन करा’ म्हणणारी खिडकीही त्यातलीच. ती ब्राउझरची जाहिरात असते, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की जाते. मशीनचा ताबा दिला असेल तर आधी नेट काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार नोंदवा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.